चार तज्ज्ञ, चार नावं: मुलाच्या टोकाच्या वागण्याचं निदान कसं होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. लहानपणापासून हट्टी होताच, पण गेल्या वर्षभरात वागणं हाताबाहेर गेलंय. आठवड्यातून चार-पाच वेळा आदळआपट, चावणं, धाकट्या बहिणीला मारणं, कधी अर्धा-पाऊण तास किंचाळणं. मग थकून झोपतो किंवा रडत माफी मागतो. शाळेतून पूर्वी तक्रार नव्हती. यंदा वह्या फाडणं आणि वर्गातून पळून जाणं सुरू झालंय. तुम्ही चौघांना दाखवलंत, प्रत्येक भेट वीस-तीस मिनिटांची. एक म्हणाले एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा), दुसरे म्हणाले ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं दिसतात, तिसऱ्यांनी डीएमडीडी (सततचा चिडकेपणा आणि वारंवार उद्रेक) असं लिहून दिलं आणि चौथे म्हणाले की तुमची शिस्त कमी पडतेय. आता तुम्हाला हवंय ते असं: एमआरआय (मेंदूचा स्कॅन), ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), रक्ततपासणी, आयक्यू यांपैकी कोणती टेस्ट केली की नक्की नाव कळेल? आणि ते नाव मुलाला आयुष्यभर चिकटेल का?

मी बालमानसोपचारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. मुलाला न भेटता मी पाचवं नाव सुचवणार नाही. पण या चार मतांतून पुढची वाट कशी काढायची, ते सांगू शकते.

थेट उत्तर असं की नक्की नाव सांगणारी एकच टेस्ट अस्तित्वात नाही. एडीएचडी रक्तात दिसत नाही, ऑटिझम एमआरआयमध्ये दिसत नाही. ही निदानं होतात ती वाढीचा इतिहास, घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणचं वागणं, तज्ज्ञाने स्वतः केलेलं निरीक्षण आणि मुलाच्या क्षमतांची तपासणी हे सगळं शेजारी शेजारी ठेवून. तुमच्या लिहिण्यावरून दिसतं की शाळेशी चौघांपैकी कोणीही बोललेलं नाही आणि मुलाचं वाचन-लेखन कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे तुमच्याकडे मतं चार जमली आहेत, पण पूर्ण मूल्यमापन अजून एकदाही झालेलं नाही. खरी अडचण मला इथे दिसते.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका प्रसंगावरून सांगते. समजा गृहपाठाला बसवलं. मुलाने दोन ओळी लिहिल्या, पेन्सिल भिरकावली, वही फाडली, समजवायला आलेल्या आईला चावला. बाहेरून बघणाऱ्याला एकच दृश्य दिसतं. पण लक्ष टिकत नसलेल्या मुलाच्या बाबतीत हे दहाव्यांदा ‘इकडे बघ’ ऐकल्यानंतर घडलेलं असतं. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला अक्षरं लागत नाहीत, आपण ‘ढ’ आहोत हे उघड होण्यापेक्षा वही फाडलेली त्याला परवडते. ऑटिझम असलेलं मूल कदाचित आपल्या मनाशी ठरवलेल्या क्रमातून अचानक उठवलं गेलेलं असतं, त्यात शेजारच्या खोलीतला मिक्सर चालू असतो. भाषा समजण्यात अडचण असेल तर तुमच्या लांबलचक सूचनेतला अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो आणि आपल्याला वाटतं, हा मुद्दाम ऐकत नाही. चिंतातुर मुलाला एक अक्षर वाकडं आलेलं सहन होत नाही. एखाद्याला वर्गात कोणी रोज छळत असतं आणि वही उघडली की त्याला वर्गच आठवतो. आणि कधी कधी असंही असतं की मागच्या वेळी वही फाडल्यावर गृहपाठ थांबला होता, एवढं त्याच्या लक्षात राहिलेलं असतं.

उद्रेक बघून यातलं काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. उद्रेकाच्या आधीचा अर्धा तास आणि एरवीचा, शांत असतानाचा मुलगा समजून घेतला की उलगडा व्हायला लागतो. बरं, वरच्या कारणांपैकी दोन-तीन एकत्र असणं हेच जास्त वेळा दिसतं.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. शाळेतला त्रास यंदा सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत मुलं अक्षरं शिकत असतात. हळूहळू वाचून समजून घेणं आणि भराभर लिहिणं गृहीत धरलं जाऊ लागतं. नेमक्या या टप्प्यावर ज्याचं वागणं बिघडतं, त्याच्या वाचन-लेखनाची तपासणी मी यादीत सगळ्यात वर ठेवते. वह्या फाडतो म्हणालात, मग कोणत्या विषयाच्या? पळतो तो कोणत्या तासाला? खेळाच्या तासाला पळत नसेल आणि लेखनाच्या वेळीच पळत असेल, तर मोठा धागा हाती लागला. यावरून एडीएचडी किंवा ऑटिझम नाहीच असं मात्र समजू नका. दोन्ही लहानपणापासून असतात, पण सौम्य असतील तर मागण्या वाढेपर्यंत झाकलेले राहू शकतात. म्हणून ‘आधी काय होतं’ आणि ‘यंदा काय बदललं’ हे दोन्ही प्रश्न लागतात. शिक्षिका बदलल्या, बसण्याची जागा बदलली, घर बदललं, कोणी आजारी पडलं, आई-बाबांत ताण आहे, नवीन औषध सुरू झालं: छोटं वाटलं तरी सांगा.

आता ‘शिस्त कमी पडतेय’ याबद्दल. हे वाक्य तुम्हाला किती लागलंय ते तुमच्या लिहिण्यातून कळतं. शाळेत अनेक तास स्वतःला आवरून धरणारी आणि घराच्या दारात पाऊल ठेवताच फुटणारी मुलं मी सतत बघते. जिथे सुरक्षित वाटतं तिथे मूल सुटतं. त्यामुळे ‘शाळेत नीट, घरी वाईट, म्हणजे आईचं चुकतंय’ हा निष्कर्ष घाईचा आहे. तरीही घरात काय घडतं ते पाहावंच लागतं, कारण दमलेल्या घरात एक चक्र सहज तयार होतं. आपण सांगतो, तो किंचाळतो, आपण आवाज चढवतो, तो वस्तू फेकतो, आपण माघार घेतो. त्याला कळतं की किंचाळण्याचा उपयोग होतो. आपल्यालाही माघार घेतल्यावर शांतता मिळते. अमेरिकेत ओरेगनमधल्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी कुटुंबांचं घरी जाऊन निरीक्षण करून हे चक्र सविस्तर मांडलं आणि पालक-प्रशिक्षणाचे आजचे कार्यक्रम बऱ्याच अंशी त्यावर उभे आहेत. यात दोष द्यायचा कोणालाच नसतो. चक्र कुठे तोडता येईल, एवढं शोधायचं असतं.

चार नावं का मिळाली, यालाही कारण आहे. २०१३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची डीएसएम-५ ही निदानपद्धती आली. तोपर्यंतच्या नियमांनुसार ऑटिझम असेल तर सोबत एडीएचडीचं निदान करता येत नसे. तेव्हापासून दोन्ही एकत्र लिहिता येतात. त्यामुळे तुमचे पहिले दोन तज्ज्ञ एकमेकांच्या विरुद्धच बोलत असतील असं नाही. डीएमडीडी, म्हणजे डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर, हे नावही २०१३ मध्येच आलं. त्यासाठी आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक उद्रेक आणि दोन उद्रेकांच्या मधल्या काळातही जवळजवळ रोज, दिवसभर चिडकेपणा हवा. हे सगळं किमान १२ महिने आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवं. तुमचा मुलगा मधल्या वेळात हसतो-खेळतो, असं तुम्ही लिहिलंय. हा तपशील तिसऱ्या तज्ज्ञांपर्यंत पोचला होता का, ते बघा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात डीएमडीडी हे वेगळं निदानच नाही. तिथे सततच्या चिडकेपणाची नोंद ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर (सतत विरोध करणं, न जुमानणं) या निदानाखाली उपप्रकार म्हणून होते. म्हणजे एकाच मुलाला दोन प्रामाणिक डॉक्टर दोन पद्धतींप्रमाणे दोन नावं देऊ शकतात. एडीएचडीसाठी लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त घरची हकीकत ऐकून ते पक्कं करता येत नाही.

मग पूर्ण मूल्यमापनात काय असतं? गरोदरपणापासूनची हकीकत: कधी बोलू लागला, बोट दाखवून वस्तू दाखवायचा का, नावाला ओ द्यायचा का, खोटं खोटं खेळायचा का, शिकलेलं काही विसरला का. दोन्ही पालकांशी बोलणं, आणि मुलाशी एकट्याने बोलणं. हे शेवटचं कधीही वगळू नये, कारण छळ किंवा अत्याचार होत असेल तर मूल पालकांसमोर सांगतंच असं नाही. सतत सावध राहणारं, दचकणारं, धास्तावलेलं मूल वरवर पाहता हुबेहूब चंचल दिसतं. त्यानंतर शिक्षकांकडून प्रश्नावली. व्हँडरबिल्ट, कॉनर्स किंवा २५ प्रश्नांची एसडीक्यू ही नेहमी वापरली जाणारी साधनं. प्रश्नावलीतले गुण निदान ठरवत नाहीत, कुठे खोल बघायचं ते सांगतात. ऑटिझमची शंका असेल तर एडीओएससारखं रचनाबद्ध निरीक्षण होतं, त्यात साधारण पाऊण ते एक तास मुलासोबत ठरावीक खेळ आणि गप्पा असतात. आणि मग बुद्धिमत्ता, भाषा, वाचन-लेखन-गणित यांच्या चाचण्या. आयक्यूचा एक आकडा घेऊन घरी येऊ नका, उपघटकांचे गुण समजावून मागा. बोलण्यात वयाच्या पुढे आणि लिहिण्याच्या वेगात बराच मागे असलेला मुलगा सगळ्यांना ‘हुशार पण आळशी’ वाटतो. त्या दिवशी तो नीट झोपला नव्हता किंवा चाचणीला बसायलाच तयार नव्हता, तर तसं रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं.

हे सगळं एका भेटीत होत नाही. एका बैठकीत ठाम नाव देणाऱ्यापेक्षा ‘मला अजून शाळेचं ऐकायचंय’ म्हणणाऱ्या तज्ज्ञावर मी जास्त विश्वास ठेवेन.

शरीराकडे दुर्लक्ष नको, आणि हे काम तुम्ही आजपासूनच करू शकता. कानांची रीतसर श्रवणचाचणी करून घ्या. मधल्या कानात पाणी साठलं असेल तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं आणि ‘हवं तेव्हा बरोबर ऐकतो’ असा गैरसमज होतो. डोळे तपासा. झोप पाहा: ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. तो घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत घामाघूम होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) आणि टॉन्सिल वाढल्याने झोप मोडत राहते आणि मूल दिवसा पेंगण्याऐवजी चिडतं, उड्या मारतं. रात्री पाय सतत हलवत असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासण्यासारखा आहे. माती किंवा रंगाचे पोपडे खात असेल तर शिसंही. बद्धकोष्ठता आणि दातदुखी या गोष्टी नीट सांगता न येणारं मूल वागण्यातून सांगतं. आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी दिलं जाणारं माँटेलुकास्ट, फिट्ससाठीचं लेव्हेटिरासिटाम, तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यांनी काही मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकता येऊ शकते. मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका, विशेषतः फिट्सचं.

एमआरआय आणि ईईजी कधी करायचे, हे तुम्ही खास विचारलंय. बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतो, हाक मारली तरी परतत नाही आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुढे चालू होतो, असं दिसत असेल तर ईईजी हवा. येत असलेली भाषा जाऊ लागली, झोपेत विचित्र झटके आले, तरीही हवा. डोक्याचा घेर वयाच्या मानाने फार वेगळा असेल, शरीराची एक बाजू कमजोर वाटत असेल, चाल बिघडली असेल, सकाळी डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील तर एमआरआयचा विचार होतो. विकास सगळ्याच बाजूंनी मागे असेल किंवा ऑटिझमचं निदान झालं तर जनुकीय तपासणी सुचवली जाते. यातलं काही नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी स्कॅन करू नका. रिपोर्ट नॉर्मल येतो, मुलाला भूल द्यावी लागू शकते, आणि ‘म्हणजे त्याला काही नाही, हा मुद्दामच करतो’ असं घरातलं कोणीतरी म्हणतं.

तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे तुमची वही. पुढच्या भेटीपर्यंत दोन-तीन आठवडे प्रत्येक मोठ्या उद्रेकाची नोंद करा: वेळ, आधी काय चाललं होतं, कोण होतं, नेमकं काय केलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. ‘खूप त्रास दिला’ असं लिहू नका. ‘टॅब बंद कर म्हटल्यावर लगेच, बहिणीच्या दंडाला चावला, २५ मिनिटं, अंधाऱ्या खोलीत एकटा बसल्यावर शांत’ असं लिहा. हवी ती वस्तू दिल्यावर थांबतो, की दिल्यावरही थांबू शकत नाही? या एका प्रश्नाच्या उत्तराने मला पुष्कळ दिशा मिळते. जे दिवस चांगले गेले तेही लिहा, त्या दिवशी काय वेगळं होतं यातच उपाय दडलेले असतात. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला लांबून एखादा छोटा व्हिडिओ घ्यायला सांगा, मुलाला न दाखवता, न धमकावता, आणि तो फक्त डॉक्टरांसाठी. सोबत जुन्या वह्या, शिक्षकांचे शेरे आणि आधीचे चारही कागद न्या. पाचव्या तज्ज्ञापासून आधीची चार मतं लपवू नका.

थोडक्यात, आतापर्यंतचं: शरीर तपासा, वाचन-लेखन तपासा, शाळेचं ऐका, नोंदी ठेवा, आणि हे सगळं एकाच व्यक्तीला किंवा एकाच टीमला एकत्र बघू द्या.

नाव चिकटेल ही भीती मी समजू शकते. पण तुमच्या मुलाला नावं चिकटलेली आहेतच. वर्गात तो ‘मारकुटा’ आहे, नातेवाइकांत ‘लाडावलेला’ आहे, आणि कदाचित स्वतःच्या मनात ‘वाईट मुलगा’ आहे. रडत माफी मागणारं मूल स्वतःबद्दल काय ठरवत असेल, याची मला जास्त काळजी वाटते. योग्य निदानाने परीक्षेत जादा वेळ, योग्य थेरपी, शिक्षकांची समज अशी दारं उघडतात. ते शाळेला किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे तुम्ही ठरवू शकता. अनेकदा ‘लांब सूचना एका वेळी एक द्या, लिहायला वेळ द्या’ एवढं पुरतं. निदान बदलूही शकतं. साडेसातव्या वर्षी लिहिलेलं दहाव्या वर्षी पुन्हा तपासावं, ते दगडावर कोरलेलं नसतं. रिपोर्ट हातात आला की एक कसोटी लावा: यातून पुढच्या तीन महिन्यांत घरी आणि शाळेत काय वेगळं करायचं ते कळतंय का? कळत नसेल तर परत जाऊन विचारा, तो तुमचा हक्क आहे.

नाव मिळेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. उद्रेक चढलेला असताना समजावणं बंद करा, त्या वेळी शब्द आत जात नाहीत. बहिणीला आधी बाजूला न्या. तिच्यासाठी एक ठरलेली जागा ठेवा आणि तिला सांगून ठेवा की त्या वेळी तिथे जायचं, दादाला शांत करणं हे तिचं काम नाही. फेकता येण्याजोग्या जड आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका. दोन हात अंतर, हळू आवाज, मोजके शब्द. शिकवायचं ते नंतर, तो पूर्ण शांत झाल्यावर, आणि तेही दोन वाक्यांत. मारू नका. त्याने त्या क्षणी तो थांबला तरी मोठ्याने लहानाला मारायचं असतं, हेच तो शिकतो आणि बहिणीवर वापरतो. बदल होण्याआधी सूचना द्या, शाळेतून आल्यावर पहिला तासभर काही मागू नका, गृहपाठाचे छोटे तुकडे करा. निदान काहीही निघालं तरी यातलं काही वाया जात नाही. पालक-प्रशिक्षण मिळत असेल तर लगेच सुरू करा, आणि शक्यतो दोघांनी मिळून जा.

औषधांविषयी एवढंच सांगते. एडीएचडी पक्का असेल तर मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं खरोखर मदत करतात. ऑटिझममधल्या तीव्र आक्रमकतेसाठी रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल वापरतात, त्यात वजन आणि रक्तातली साखर यांवर लक्ष ठेवावं लागतं. पण ‘औषध देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी’ हा तर्क चुकीचा आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कोणताही त्रास नसलेल्या मुलग्यांचंही लक्ष उत्तेजक औषधाने सुधारलेलं दिसलं होतं.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मरण्याबद्दल बोलणं किंवा स्वतःला इजा करणं, बहिणीचा गळा दाबणं, शस्त्र किंवा आग हाती घेणं, काही दिवसांत अचानक पूर्ण बदललेलं वागणं, येत असलेलं बोलणं किंवा चालणं जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरचा बदल, कोणी अत्याचार केल्याचा इशारा. आणि तुम्हाला स्वतःला वाटायला लागलं की आपल्या हातून त्याला काहीतरी होईल, तर तेही तितकंच तातडीचं समजा. खोलीबाहेर पडा, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला आत पाठवा आणि डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

पुढच्या भेटीची वेळ घेताना फोनवरच विचारा: मूल्यमापनासाठी एकाहून जास्त बैठका घेता का, तुम्ही शाळेशी बोलता का, वाचन-लेखनाची चाचणी इथे होते का, आणि शेवटी लेखी रिपोर्ट समजावून सांगायला वेगळी वेळ देता का. चारही उत्तरं ‘हो’ आली तर तिथे जा. वाचन-लेखनाची चाचणी तिथे होत नसेल पण ती कुठे करायची ते सांगत असतील, तरीही जायला हरकत नाही. नोंदींची वही आजच सुरू करा.